डांबराची कड

कुंभवली नाक्यावर सकाळचा चहा पिणारी माणसं वर्षानुवर्षं घड्याळ बघत नव्हती. झुंबरच्या बसचा हॉर्न ऐकला की समजायचं, साडेपाच झाले, कंपनीची गाडी समुद्राकडच्या गावांना निघाली. हॉर्न तरी कसला! अडलेली म्हैस हंबरावी तसला. वाटेत कोंबडी दिसली तरी झुंबर वाजवणार, आणि सायकलवाला दिसला मग तर विचारूच नका. यंदाच्या जूनपासून मात्र तो हॉर्न बंद आहे. नाक्यावरचे म्हणतात, बिघडला असेल, कंपनी दुरुस्त करत नसेल. कंपनीला बिचारीला उगाच दोष. हॉर्न ठणठणीत आहे. झुंबरचाच हात त्यावर जात नाही.

झुंबर मूळचा बीडकडचा, पाटोद्याच्या बाजूचा. तीस वर्षांपूर्वी गावच्या एका माणसाचं बोट धरून बोईसरला आला, कापडाच्या कंपनीत हेल्पर लागला, कुंभवलीत चाळीत खोली घेतली आणि जुन्या बाजारातून एक सायकल. त्या सायकलवर त्याने अकरा वर्षं काढली. त्या अकरा वर्षांत बसवाल्यांना आणि टँकरवाल्यांना त्याने ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिल्या तर कागद पेटेल. एकदा तर एका बसने असं दाबलं की गडी डब्यासकट गटारात. कंपन्यांचं पाणी ते, वर आला तेव्हा शर्ट जांभळा. सुगंधाने, त्याच्या बायकोने, चार दिवस घासला तरी रंग गेला नाही. त्या दिवशी झुंबर भर रस्त्यात उभा राहून बसच्या मागे ओरडला होता, "रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का रं?" तो शर्ट त्याने कितीतरी दिवस जपून ठेवला होता आणि येईल त्याला दाखवायचा.

मग गडी गाडी शिकला. लायसन काढलं, बिल्ला काढला, चार ठिकाणी बदली ड्रायव्हर म्हणून राबला आणि शेवटी एका कंपनीच्या बसवर कायम झाला. आणि बघता बघता माणूस पालटला. सासूचा जाच सोसलेली सून स्वतः सासू झाली की कशी वागते, ते काय मी तुम्हाला सांगायचं? "ही सायकलवाली जात म्हंजे," असं त्याचं वाक्य सुरू व्हायचं आणि पुढे ऐकवत नसे. जांभळा शर्ट कधीतरी फरशी पुसायला गेला.

नाक्यावर ड्रायव्हर लोकांचा चहाचा अड्डा होता. तिथला वडीलधारा म्हणजे खंडेराव, टँकरवर केस पांढरे केलेला माणूस. झुंबर बसवर लागला त्या दिवशी त्याने सगळ्यांना चहा पाजला, तेव्हा खंडेरावने त्याच्या पाठीवर हात ठेवून उपदेश केला. "हे बघ झुंबर, गाडीवाल्यानं गाडीवाल्याची पाठ राखायची. रस्त्यात काय बी होऊ दे, चौकीत वाक्य एकच. सायकलवाला अचानक आडवा आला. पुढं काय बोलायचं नाही, मागं काय बोलायचं नाही." सगळे हसले. झुंबरही हसला, पोटभर. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो दांडा त्या दिवशी कुऱ्हाडीत पक्का बसला.

आता वामनचं सांगतो. वामन आलेवाडीचा, कोळ्याचा. बापजाद्यांची होडी होती, पण मासळी आटली, डिझेल परवडेना, म्हणून तो झुंबरच्याच कंपनीत कंत्राटी कामाला आला. बस त्याच्या दारावरून जायची, पण ती कायम कामगारांची. कंत्राटी माणसाला तिच्यात पाय ठेवायची सोय नाही. म्हणून वामन सायकलवर. मागे कॅरिअरवर सुक्या बोंबलांची नाहीतर जवळ्याची पाटी बांधलेली, कारण त्याची बायको शकू कुंभवली नाक्यावर सुकी मासळी विकायला बसायची आणि जाता जाता पाटी तिच्या जागेवर उतरवायचं काम वामनचं. ती मागाहून रिक्षाने यायची.

तर रोज सकाळी साडेसहाच्या आसपास झुंबरची बस आणि वामनची सायकल एकाच रस्त्याला. झुंबर मागून हॉर्न ठोकायचा. वामन मागे न बघता डावा हात वर करायचा, पंजा उघडा. म्हणजे थांब. पुढे खड्डा असला तर तो ओलांडेपर्यंत, कडेला टँकर उभा असला तर तो मागे पडेपर्यंत तो हात वरच. मग तोच हात हलवून खूण, जा आता. बसमधले लोक फिदीफिदी हसायचे. "झुंबरभाऊ, साहेबांनी थांबायला सांगितलंय!" झुंबरच्या अंगाचा तिळपापड.

एकदा त्याने बस आडवी घालून वामनला थांबवलंच. "ए वामनराव, बाजूला घ्यायला काय होतं रे तुला? लग्नाची वरात हाय का?"

वामनने पाय टेकला. घाम पुसला. आवाज चढवला नाही त्याने. "बाजूला काय हाय ते एकदा उतरून बघा ना झुंबरभाऊ. डांबर संपतो तिथं वीतभर खोल हाय. चाक उतरला का मी गेलो. आमी काय हौसेनं मधी येतो?"

"कायदा काय सांगतो? हळू चालणाऱ्यानं डाव्या कडेनं चालायचं."

"कडेनंच चालतो. कडेला रस्ता द्या, मंग बोला."

बसमधून कुणीतरी टाळी वाजवली. झुंबर उतरला नाही. उतरून बघायची त्याला गरजच नव्हती, तिथे काय आहे ते अकरा वर्षं त्याच्या टायरांनी मोजलेलं होतं. तेच तर त्याला झोंबलं. दुसऱ्याने आपलंच जुनं वाक्य आपल्या तोंडावर फेकावं, यासारखा अपमान नाही.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. लख्ख उजाडलं होतं. वामन पुढे, दोन खांबांच्या अंतरावर झुंबरची बस. पहिल्या पाळीची माणसं त्या दिवशी सगळी खिडकीला डोकं टेकून झोपलेली. मागून एक टेंपो आला, बसला ओलांडून पुढे गेला आणि समोरून ट्रक दिसताच घाईघाईने डावीकडे घुसला. वामन डाव्या कडेला होता. डांबर जिथे संपतं तिथून वीतभर आत, त्याच्या नेहमीच्या जागेवर. टेंपोच्या बाजूच्या फाळक्याचा कोपरा पाटीला लागला. बोंबील रस्ताभर उधळले आणि वामन सायकलसकट खाली, उजवा पाय टेंपोच्या मागच्या चाकाखाली.

झुंबरने त्या सकाळी केलं ते सगळं चोख केलं, त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. बस थांबवली, लोकांना उठवलं, वामनला उचलून बसमध्ये सीटांमधल्या वाटेत निजवलं आणि रुग्णवाहिकेची वाट न बघता तशीच बस दवाखान्याकडे पळवली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर रक्त जाऊन माणूस संपला असता.

टेंपोवाला पळून गेला नाही. बबलू त्याचं नाव, तेवीस वर्षांचा, चेहऱ्यावर नीट दाढीही नाही. चौकीबाहेर झुंबरचे पाय धरून बसला. "काका, अगले महिने शादी है मेरी. लायसन गया तो मैं खतम. आपही बचा सकते हो." शेजारी खंडेराव, हातात चहाचे दोन ग्लास. "झुंबर, माणूस जिता हाय. देवाची कृपा. आता पोराचं वाटोळं करून काय मिळणार?"

आत हवालदाराने कागद पुढे ओढला होता. मान वर न करता विचारलं, "सायकलवाला मध्ये आला ना?"

आणि झुंबर बोलला. "हो साहेब. सायकलवाला अचानक आडवा आला."

खरं सांगायचं तर त्याची जीभ अडखळलीसुद्धा नाही. इतकी वर्षं वामनबद्दल मनात घोळवलेलं वाक्य ते, नुसतं बाहेर पडायचं बाकी होतं. सही करताना त्याला वाटलं, एक पोरगं वाचलं. हात धुताना नखांत वामनचं रक्त दिसलं, तेव्हा त्याने पुन्हा पुन्हा साबण लावला. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, आता ती परत कशी घ्यायची?

दुसरा साक्षीदार नव्हता. समोरचा ट्रक न थांबता गेला होता, बसमधले झोपलेले. वामनला पडण्याआधीचं नीट काही आठवेना. कागदावर चूक वामनची लागली. टेंपोच्या विम्याचं जे काय मिळायचं ते बारगळलं. पायात सळई बसली, कंत्राटदाराने दुसरा माणूस घेतला, आणि वामन घरी बसून लोकांची जाळी विणायला लागला.

महिन्याने बबलूच्या लग्नाचे लाडू आले. आणि त्याच आठवड्यात शकूने नाक्यावर झुंबरला हाक मारून कागदाची पुडी हातात दिली. जवळा होता, स्वच्छ निवडलेला. "भाऊ, घ्या. नाय नका बोलू. तुमी होतात म्हणून माझा माणूस हाय." त्यानंतर दर आठ-पंधरा दिवसांनी पुडी. कधी सोडे, कधी बोंबील, कधी मांदेलीचा वाटा. सुगंधाला बीडमध्ये असताना या वासाने मळमळायचं, आता ती सोड्याची खिचडी अशी करते की शेजारी ताट घेऊन येतात. पण झुंबर त्या पुडीतलं बोटभरही चाखेना. "काय झालंय तुमाला?" सुगंधा विचारायची. "पित्त झालंय," म्हणून तो डाळभात कालवायचा. वर्षभर त्या माणसाला पित्त होतं!

तो वामनला भेटायला जायचा. न जाऊन सांगतो कोणाला? गेला की वामन सरकून जागा द्यायचा आणि पहिली गोष्ट, माफी मागायचा. होय, वामन! "झुंबरभाऊ, तुमी रोज हॉर्न मारत होतात, मीच ऐकला नाय. तुमी बोललात म्हंजे मीच आलो असेन मधी. तुमी कशाला खोटा बोलाल? तुमीच तर उचलला मला." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा झुंबरला वाटलं, टोमणा मारतोय. त्याने वामनच्या तोंडाकडे नीट बघितलं. टोमणा नव्हता. त्यापेक्षा वामनने कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

असं वर्ष गेलं. मग या मे महिन्यात नाक्यावर शकूशेजारी एक मुलगी बसलेली झुंबरने बघितली. मान खाली, हात बोंबलांच्या ढिगात. ती हिमानी, वामनची एकुलती एक. गेल्या साली दहावीला ब्याऐंशी टक्के मिळवलेली. तेव्हा आलेवाडीत वामनने पेढे वाटले होते, लंगडत.

"वहिनी, हिची परीक्षा-बिरीक्षा झाली का अकरावीची?" झुंबरने विचारलं.

शकूने तराजू खाली ठेवला. "कसली अकरावी, भाऊ! नाव घातलाच नाय. कॉलेज सातला, एसटी येते नवाला. सायकल हाय ना तिची, शाळेतनं मिळालेली, पण तिचा बाप हात लावू देत नाय. बोलतो, मी इतकी वरसा सायकल चालवली तरी मधी गेलो, माझाच अंदाज खोटा निघाला, मंग पोरीला काय शिकवला असेन मी? मीच शिकवली ना तिला." तिने तराजू पुन्हा उचलला. "औंदा पण नाय बोललाय. पंधरा दिवसांत फॉरम सुरू होतील."

झुंबरच्या हातातली पुडी तशीच राहिली. त्याला वाटायचं, आपण वामनचा पाय आणि नोकरी खाल्ली, तेवढ्यावर ते पाप थांबलं. हे काय नवीन! आपण बोललो चार शब्द, आणि इकडे एका माणसाचा स्वतःवरचा भरवसा उडाला, आणि त्या उडालेल्या भरवशापायी ही पोर इथे बोंबील निवडते आहे. तो त्या दिवशी अड्ड्यावर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पाळीची माणसं गावांत सोडून रिकामी बस घेऊन येताना तो त्या जागेवर थांबला आणि उतरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कडेचं डांबर कुरतडल्यासारखं तुटलेलं, खाली वीतभर खोल खडी, बाटल्यांच्या काचा. तो तिथे उकिडवा बसला आणि डांबराच्या कडेपासून वामनच्या चाकाच्या जागेपर्यंत त्याने खरोखर वीत लावून बघितली. मागून एक डंपर भोंगा वाजवत गेला, वाऱ्याने झुंबरची टोपी उडाली. "दिसत न्हाई का रं?" तो ओरडला, आणि आपलाच सायकलवरचा जुना आवाज ऐकून टोपी उचलायला वाकला.

रविवारी तो आलेवाडीला गेला. वामन ओट्यावर जाळं विणत बसला होता, शकू सुकवलेली मासळी उलटवत होती. बसा म्हणाली, आत जाऊन चहा ठेवला, हिमानी कप घेऊन आली. वर भिंतीला दोन खुंट्यांवर तिची सायकल टांगलेली. समुद्राच्या खाऱ्या हवेने चेन लाल झाली होती.

झुंबरने चहाला हात लावला नाही. "वामन, मी खोटं बोललो."

"काय?"

"चौकीत. तू मधी आला नव्हतास. टेंपो घुसला. मी धडधडीत बघितलं. ड्रायव्हर लोकांचं ठरल्यालं असतं, म्हणून मी बोललो. आन तुझ्यावर राग बी होता. उद्या ठाण्यात जाऊन जबाब बदलून देतो. काय व्हायचं ते होऊ दे माझं."

"ते मागनं बघू." वामनची सुई हातात तशीच होती. "मी कुठं होतो?"

"बाजूलाच होतास."

"किती?"

"डांबर संपतं तिथनं वीतभर. मी मोजून आलो."

"परत सांगा."

"बाजूलाच होतास, वामन."

वामनने मुलीला हाक मारली. "हिमानी, इकडं ये. हिला सांगा." झुंबरने तिलाही सांगितलं, सगळं, बबलूच्या टेंपोपासून स्वतःच्या सहीपर्यंत. तो सांगत असताना वामन मान हलवत होता, ओळखीच्या माणसाचा पत्ता कुणी बरोबर सांगावा आणि आपण मान हलवावी तसा. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"वरसभर मी तो रस्ता मनात चालवतोय, झुंबरभाऊ. रोज. दर वेळेला मी बाजूलाच असतो. मंग सोतालाच बोलतो, वामन्या, खोटा बोलू नको. झुंबरभाऊनं बघितलाय."

झुंबरला वाटलं, आता हा उठून आपल्याला हाणेल. हाणावं असंच त्याला वाटत होतं. वामनने डोळे पुसले आणि पुन्हा सुई जाळ्यात घातली. बोलली ती हिमानी.

"काका, मग तुम्ही इतक्यांदा घरी आलात, तेव्हा का नाही बोललात?"

काय सांगणार होता तो? लाज वाटत होती म्हणून? भीती वाटत होती म्हणून? शकू चहा ठेवून केव्हाच दारात येऊन बसली होती. ती उठली, झुंबरपुढचा भरलेला कप उचलला आणि आत घेऊन गेली. तो बराच वेळ बसला, पण ती परत बाहेर आली नाही.

जबाब त्याने बदलून दिला. हवालदार आधी वैतागला, मग लिहून घेतलं. तारखा आता पडत आहेत आणि पडत राहतील. बबलूने फोनवर शिव्या घातल्या. अड्ड्यावर झुंबर आला की खंडेराव बाकावर पाय पसरून बसतो, जागा देत नाही. सुगंधाला त्याने सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग मी वर्षभर त्या माउलीची मासळी कसली म्हणून खाल्ली?" पुड्या बंद झाल्या. शकू नाक्यावर समोरून झुंबर गेला की तराजूत वजनं टाकत राहते.

हिमानी अकरावीला गेली. तिच्याबरोबरच्या मुली बारावीत गेल्या. वामनने स्वतः सायकल उतरवली, चेन तेलात बुडवून काढली. आता सकाळी साडेसहाला झुंबरची बस समुद्राकडून येते तेव्हा पुढे हिमानीची सायकल असते, मागे कॅरिअरवर आईची पाटी. खड्डा आला की ती डावा हात वर करते, पंजा उघडा, अगदी बापासारखा. बसमधले जागे झालेले लोक ओरडतात, "झुंबरभाऊ, वाजवा की! पंचिंगला उशीर होतोय!" झुंबर गिअर उतरवतो आणि तिच्या मागे मागे चालतो. खड्डा मागे पडला की ती हात हलवून त्याला जायला सांगते. मागे कोण आहे ते तिला ठाऊक आहे. ती वळून बघत नाही.